शाळेचे कुंपण आणि करवंदीची जाळी

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या तानसा येथील सभेत केलेले भाषण)

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'शालेय परिसर व शिक्षण' असा दिलेला आहे. हा विषय फार विस्तृत आहे, आणि विस्तृत विषयावर बोलणारा बहुधा सर्वांना ठाऊक असलेल्याच गोष्टी सांगतो. म्हणून मी तो मुद्दाम आखूड करून घेणार आहे. आपणांपैकी प्रत्येकाच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका झुडपाविषयीच मी आज बोलणार आहे. ते झुडूप म्हणजे करवंद. ते ओळखावे कसे, लावावे कसे आणि शाळेच्या कुंपणाला ते का असावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

करवंदीची ओळख तुम्हांला करून देणे म्हणजे कोळ्याला मासा दाखविण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु नित्याच्या वस्तूकडे आपण सहसा निरखून पाहत नाही. करवंदाची पाने फांदीवर समोरासमोर असतात की एकाआड एक, काटा एकेरी असतो की दुभंगलेला, फूल कोणत्या महिन्यात येते, हे प्रश्न मी शाळातपासणीच्या वेळी अनेकदा विचारले आहेत. वर्गातून उत्तर येते, ते बहुधा मागल्या बाकावरून. त्या बाकाविषयी मी पुढे बोलेन.

प्रथम या झुडपाचा मुलूख पाहू. सह्याद्रीच्या उतारांपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंतच्या सबंध कोकणपट्टीत करवंद आपोआप वाढते. जांभा दगडाचा सडा असो, मुरमाड माळ असो की भाताच्या खाचराचा बांध असो, त्याची तक्रार नसते. माहुलीच्या पायथ्याशी, खर्डी-कसाऱ्याच्या डोंगरांत, माळशेज आणि नाणेघाटाच्या उतारांवर त्याच्या जाळ्या आहेत. संस्कृतात याला करमर्द म्हणतात व हिंदीत करौंदा. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये त्याला 'कॅरिसा कॅरंडास' हे शास्त्रीय नाव दिले. काही ग्रंथांत आपल्याकडील रानकरवंदाला 'कॅरिसा कंजेस्टा' असेही म्हटलेले आढळते. दोन पुस्तकांत दोन नावे दिसली तर शिक्षकाने गोंधळून जाऊ नये. याच कुळीचे एक भावंड दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यावर वाढते. त्याची फळे तांबडी व खाण्याजोगी असतात आणि तेथील लोक त्याचे कुंपण करतात. म्हणजे करवंदीचे कुंपण ही काही नवी कल्पना नव्हे. जगाच्या दोन किनाऱ्यांवर लोकांनी या जातीच्या झुडपांचा हाच उपयोग शोधून काढला आहे.

आपल्या तालुक्यांत करवंद ही केवळ मुलांच्या खाऊची वस्तू नाही. ती उन्हाळ्यातील मिळकतही आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले आणि तेव्हापासून येथील पाणी मुंबईस जाते. एप्रिल-मे महिन्यांत येथील करवंदेही तिकडेच जातात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली स्त्रिया पहाटे रानात जातात, काट्यांतून हात घालून टोपली भरतात आणि आटगाव, आसनगाव, खर्डी किंवा कसारा येथे लोकलगाडी धरून कल्याण-ठाण्याकडे निघतात. मुरबाडकडील बाया एस.टी.ने कल्याण गाठतात किंवा माळशेजच्या रस्त्याच्या कडेला बसतात. शहरातील गिऱ्हाईक 'डोंगराची काळी मैना' म्हणून पानाचा द्रोण घेते. शेतीचे काम नसते आणि घरात दाणा संपत आलेला असतो, अशा दिवसांत हे चार पैसे येतात. म्हणून डोंगरावरची एक जाळी वणव्यात गेली, किंवा बंगल्याच्या भूखंडासाठी यंत्राने उखडली, तर ती हानी केवळ रानाची नसते. ती एखाद्या घराच्या वैशाखातल्या चुलीची असते.

आता मी शाळेच्या कुंपणाकडे वळतो, कारण माझ्या सांगण्याचा मुख्य भाग तोच आहे. आपल्या पुष्कळ शाळांना पक्की भिंत नाही. जेथे भिंत नाही तेथे बहुधा मोगली एरंडाचे कुंपण असते. हे झाड मूळचे अमेरिकेतील. त्याची फांदी तोडून खोचली की लागते, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, आणि दोन पावसाळ्यांत गडग्यासारखी रांग उभी राहते. म्हणून शेतकऱ्यांनी ते बांधांवर लावले व शाळांनीही लावले. २००३ नंतर त्याच्या बियांपासून इंधन काढण्याचा मोठा प्रचार झाला आणि त्याची लागवड आणखी वाढली. परंतु मोगली एरंडाचे बी विषारी आहे. दुर्दैव असे की ते चवीला वाईट लागत नाही, शेंगदाण्यासारखे लागते. मुले ते फोडून खातात, थोड्या वेळाने ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, आणि एकाच वेळी दहा-वीस मुलांना दवाखान्यात न्यावे लागते. महाराष्ट्रातील शाळांतून अशा बातम्या पुन्हा पुन्हा आलेल्या आपण वाचल्या आहेत. ज्या आवारात पालक विश्वासाने मूल पाठवितो, त्या आवाराच्या चारही बाजूंना आपण विष लावून ठेवावे काय, हा प्रश्न मी तुम्हांपुढे ठेवतो. माझे उत्तर असे आहे की तेथे करवंद लावावे.

मात्र करवंद लावण्यापूर्वी ते नीट ओळखता आले पाहिजे. येथे शिक्षकाने कसलीही घाई करू नये. रानातील फळ ओळखण्याची विद्या अर्धवट शिकविणे हे मुळीच न शिकविण्यापेक्षा वाईट आहे. करवंदीच्या पाच खुणा मी सांगतो. त्या फळ्यावर लिहून घ्याव्या आणि मग मुलांना प्रत्यक्ष जाळीपाशी नेऊन एकेक पडताळून पाहाव्या.

पहिली खूण काट्याची. करवंदीचे काटे पेरांपाशी जोडीजोडीने येतात. ते ताठ, टणक व बळकट असतात आणि पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले असतात. दुसरी खूण पानाची. पाने फांदीवर समोरासमोर असतात. ती लंबगोल, चामड्यासारखी जाड, वरून गडद हिरवी व चकचकीत असतात. तिसरी खूण चिकाची. पान किंवा कोवळी फांदी तोडली की पांढरा दुधासारखा चीक येतो. चौथी खूण फुलाची. फुले पांढरी, सुवासिक, खाली नळी व वर पाच पाकळ्या अशी असून फांदीच्या शेंड्याकडे झुबक्याने येतात. ती साधारणपणे जानेवारीपासून दिसू लागतात. पाचवी खूण फळाची. फळे घोसाने येतात. कोवळेपणी हिरवी, मग तांबूस आणि पिकल्यावर जांभळट काळी होतात. आकार लहान बोराएवढा असतो. आत तांबडा किंवा फिकट गर व त्यात काही चपट्या बिया असतात. एकच कठीण आठळी कधीच नसते.

या पाचांपैकी एकही खूण एकटीने पुरेशी नाही, हे मुलांच्या मनावर पक्के बिंबविले पाहिजे. चिकाचेच उदाहरण घ्या. करवंद ज्या कुळातले, त्याच कुळात कण्हेर आहे आणि पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टीही आहे. बिट्टीला चीक येतो. तिचे फळ प्रथम हिरवे असते व पिकल्यावर काळे पडते. ज्याने 'चीक आणि काळे फळ' एवढेच पाठ केले, तो मुलगा बिट्टी तोंडात घालील. आणि बिट्टी तर हृदयावर घात करणारे विष आहे. आता बाकीच्या खुणा लावून पाहा. बिट्टीला काटा नाही. तिची पाने लांब, चिंचोळी असून समोरासमोर नसतात. फूल पिवळे व मोठे असते. फळ कंगोऱ्यांचे असून त्यात एक कठीण आठळी असते. पाचांपैकी तीन-चार खुणा तेथेच फसतात.

दुसरे उदाहरण घाणेरीचे. हिलाच आपल्याकडे टणटणी म्हणतात. हिची पाने समोरासमोर असतात, अंगावर बारीक वाकडे काटे असतात आणि फळे काळी असतात. परंतु पान खरखरीत असून चुरगाळल्यास उग्र वास येतो, चीक निघत नाही, आणि फुले बारीक, दोन-तीन रंगांची, गुच्छाने येणारी असतात. घाणेरीची हिरवी फळे अपायकारक आहेत. तिसरे उदाहरण तोरणाचे. तोरण आपण खातो, ते निरुपद्रवी आहे. तरी तेही पडताळून पाहण्यास चांगले. त्याचे काटे आकड्यासारखे वाकडे असतात, पानाला बुडापासूनच तीन ठळक शिरा असतात व पानाची खालची बाजू लवदार असते. चीक नसतो आणि फळ पांढरे असते. करवंद, बिट्टी, घाणेरी आणि तोरण यांची एकेक फांदी टेबलावर ठेवून पाच खुणांचा तक्ता मुलांकडून भरून घेतला, तर विज्ञानाचा एक उत्तम पाठ होईल. बिट्टीची फांदी मात्र शिक्षकाने स्वतःच आणावी, स्वतःच हाताळावी आणि पाठ संपताच नष्ट करून हात धुवावे.

याबरोबर एक नियम शाळेत कायमचा असावा: पाचही खुणा पटल्याखेरीज आणि मोठ्या माणसाला दाखविल्याखेरीज रानातले फळ तोंडात घालावयाचे नाही. इतके करूनही एखाद्या मुलाने भलते फळ खाल्लेच, तर घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा मुलास तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि खाल्लेल्या फळाचा तुकडा व त्या झाडाची डहाळी बरोबर घ्यावी. डॉक्टरांना विष कोणते हे कळले तर उपचारास दिशा मिळते.

आता मागल्या बाकाविषयी. आपल्या शाळांतील पुष्कळशी कातकरी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे महिनोन्महिने रिकाम्या चौकटी असतात. जूनमध्ये ती वर्गात बसतात तेव्हा वाचनात मागे, गणितात मागे, आणि म्हणून बोलण्यातही मागे असतात. परंतु कोणत्या जाळीची करवंदे गोड, कोणत्या ओढ्यावर अळू पिकते, कोणत्या झाडाला हात लावावयाचा नाही, हे त्यांना ठाऊक असते. ते ज्ञान त्यांनी आजीकडून व आईकडून रानात चालता चालता घेतलेले असते. आपण पाठ्यपुस्तकातील द्राक्षे व सफरचंद यांची चित्रे दाखवितो, तेव्हा त्या मुलाला वाटते की शाळेला ठाऊक असलेली फळे निराळी व आपली निराळी.

एका शाळेत मी चौथीच्या मुलांना फळांची नावे पाटीवर लिहावयास सांगितली होती. दहा दहा नावे लिहिली गेली. एकाही पाटीवर करवंद नव्हते. मे महिना नुकताच संपला होता आणि निम्म्या मुलांचे ओठ करवंदे खाऊन जांभळे झाले असतील असे ते दिवस होते. विचारल्यावर एका मुलीने सांगितले की, ते फळ रानातले आहे, ते लिहावयाचे असते हे तिला माहीत नव्हते. यात मुलीचा दोष नव्हता. आपण तिला कधी तसे सांगितलेच नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी की, करवंदीचा पाठ शिक्षकाने स्वतः देऊ नये. तो या मुलांकडून घ्यावा. त्यांनी जाळी दाखवावी, त्यांनी बोलावे. शिक्षकाने त्यांच्या बोलण्याला क्रम द्यावा, पाच खुणांत ते बसवावे व फळ्यावर लिहावे. ज्या मुलाने सहा महिने फळ्याकडे पाहिलेले नाही, त्याचेच सांगणे फळ्यावर उमटलेले त्याने पाहिले, तर त्या अक्षरांचे व त्याचे नाते जुळण्यास वेळ लागणार नाही. मुलांचा तो जुना खेळही वर्गात आणावा. फळ हातात धरून 'कोंबडा की कोंबडी?' असे विचारावयाचे. गर तांबडा निघाला तर कोंबडा, फिकट निघाला तर कोंबडी. शंभर फळे फोडून किती कोंबडे व किती कोंबड्या निघाल्या याची नोंद केली, तर चौथी-पाचवीच्या मुलांना माहिती गोळा करून तक्ता मांडण्याचा पाठ आपोआप मिळतो. फळे अर्थातच नंतर खाऊन टाकावी.

आता लागवडीकडे येऊ. येथे एक अडचण आहे, आणि तिचा विचार आधीच केला नाही तर सारा बेत फसतो. करवंद पिकते मे महिन्यात, आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. करवंदीचे बी फार दिवस टिकत नाही. सुकून गेले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. शाळा उघडल्यावर बी शोधावयास निघालो तर चांगले फळ बहुधा मिळत नाही, आणि उन्हात वाळलेले जुने बी पेरून काही उगवत नाही. याचा अर्थ असा की पेरणी सुटीतच झाली पाहिजे आणि ती मुलांच्या घरी झाली पाहिजे. म्हणून एप्रिलच्या अखेरीस, निकालाच्या दिवशी, प्रत्येक मुलाला सुटीचा अभ्यास म्हणून हे काम समजावून द्यावे.

ते काम असे. पूर्ण पिकलेली, काळी, गोड फळे घ्यावी. गर खावा, बिया टाकू नयेत. बियांना चिकटलेला गर राखेने चोळून पाण्यात धुवावा, बिया एक दिवस सावलीत ठेवाव्या आणि लगेच पेराव्या. पेरण्यासाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्या चालतात. त्यांच्या बुडाला चार-पाच भोके पाडावी. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. प्रत्येक पिशवीत दोन बिया, सुमारे १ सेंटिमीटर खोल पेराव्या. पिशव्या पडवीच्या कडेला किंवा झाडाच्या विरळ सावलीत ठेवून ओल राखावी. चिखल करू नये. साधारण तीन-चार आठवड्यांत कोंब दिसू लागतात. शाळा उघडते तेव्हा मुलांनी पिशव्या शाळेत आणाव्या. वीटभट्टीवरून उशिरा परतणाऱ्या मुलांवर रोपांच्या राखणीची व पाण्याची जबाबदारी सोपवावी, म्हणजे कामात सर्वांचा वाटा राहील.

ही रोपे त्याच पावसाळ्यात बाहेर लावू नयेत. ती फार नाजूक असतात. एक वर्ष पिशवीतच वाढवावी, मोठी झाल्यास मोठ्या पिशवीत हलवावी, आणि पुढील जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर कुंपणाच्या ओळीत लावावी. ३० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा पुरेसा आहे. उन्हाळ्यातच खड्डे खणून ठेवावे व त्यांत शेणखत मिसळलेली माती भरावी. कुंपणासाठी दोन रोपांत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. मुलांचे हात धुण्याचे पाणी या कामी आणता येईल. एकदा मुळे खोल गेली म्हणजे या झुडपाला पाण्याची फारशी गरज राहत नाही.

मोगली एरंडाचे जुने कुंपण मात्र एकदम काढू नये, नाही तर पहिल्याच आठवड्यात गुरे रोपे तुडवितील. जुन्या ओळीच्या आत एक मीटर अंतर सोडून करवंद लावावे. एरंडाचे शेंडे छाटीत राहावे, म्हणजे करवंदीला ऊन मिळेल. एरंडाला आलेली फळे मोठ्या माणसांनी, बी तयार होण्यापूर्वीच, काढून पुरून टाकावी. तीन-चार वर्षांत करवंदीची जाळी दाट झाली की एरंड मुळासकट काढावा.

आता थोडे गणित. समजा, शाळेचे आवार ६० मीटर लांब व ४० मीटर रुंद आहे. परिमिती २०० मीटर झाली. फाटकासाठी ४ मीटर सोडले, राहिले १९६ मीटर. दर ७० सेंटिमीटरला एक रोप लावले तर किती रोपे लागतील? बहुतेक मुले २८० म्हणतील. बरोबर उत्तर २८१ आहे, कारण अंतरे २८० असली तरी ओळीच्या दोन्ही टोकांना रोप येते. पुस्तकातील उदाहरणात ही चूक पुन्हा पुन्हा होते. आवारात दोरी धरून खुंट्या ठोकल्या म्हणजे ती एकदाच होते. पुढे विचारावे: निम्म्याहून थोडे अधिक बी वाया जाईल असे धरून ६०० बिया पेरावयाच्या असतील आणि एका फळात चार बिया धरल्या, तर किती फळे लागतील? १५० फळे, म्हणजे वर्गाने मिळून खाल्लेला एका दुपारचा खाऊ.

बियांपासून वाढविलेली सर्व झुडपे सारखी निघत नाहीत, हेही सांगून ठेवतो. गोड जाळीचे बी लावले तरी एखादे झुडूप आंबट निघेल. कुंपणासाठी त्याने बिघडत नाही. आंबट फळांचे लोणचे चांगले होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळांची जात काढली आहे. ज्यांना एक-दोन निवडक झाडे हवी असतील त्यांनी तिची कलमे मागवावी; परंतु सबंध कुंपणासाठी आपल्याच डोंगराचे बी उत्तम. अभयारण्यातून रोपे मात्र उपटून आणू नयेत. तानसा अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आहे, आणि रानातील रोप रानातच वाढले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी कुटुंबांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. तो हक्क त्या कुटुंबांच्या उपजीविकेसाठी आहे. शाळेने बांधावरच्या व पाड्याजवळच्या जाळ्यांवरून बी घ्यावे.

काही आक्षेप मला ठाऊक आहेत. काट्यांनी मुलांना इजा होईल, असे कोणी म्हणेल. खेळाच्या जागेपासून कुंपण दूर ठेवले आणि फळे संपल्यावर पावसाळ्यात आतील बाजूने छाटणी केली, तर हा धोका राहत नाही. छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नयेत. वणव्याची भीती खरी आहे. त्यासाठी पावसाळा संपला की कुंपणाबाहेरील गवत कापून दोन-तीन मीटरचा मोकळा पट्टा करावा. फळे गावातील लोक तोडून नेतील, अशीही तक्रार येईल. मी म्हणतो, नेऊ द्यावी. ज्या कुंपणाचे फळ गावाने खाल्ले, त्या कुंपणाला गाव कुऱ्हाड लावीत नाही. बुलबुलही आपला वाटा घेतील आणि बी दूरवर नेऊन टाकतील; तेही आपल्याच कामात भर घालणारे आहेत.

सर्वांत मोठा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, म्हणून तो मीच बोलतो. बी पेरल्यापासून फळ येईपर्यंत साधारण चार वर्षे जातात, आणि तोपर्यंत आपली बदली झालेली असते. ज्याचे फळ आपण पाहणार नाही त्याचे खड्डे आपण का खणावे? बंधुभगिनींनो, आपल्या व्यवसायात हा प्रश्न नवा नाही. पहिलीत ज्याचा हात धरून आपण 'ग' गिरवून घेतो, तो पुढे काय वाचील हे आपण पाहतो काय? पहिलीच्या सुटीत ज्या मुलाने बी पेरले, तो तिसरीच्या आरंभी रोप लावील, आणि पाचवी संपता संपता त्या जाळीची पहिली मूठभर फळे खाईल. एका मुलाच्या प्राथमिक शिक्षणाइतकेच या झुडपाचे बालपण आहे. म्हणून माझी एक अगदी साधी विनंती आहे. प्रत्येक शाळेत 'कुंपणाची वही' ठेवावी. बी कोणत्या जाळीचे, कोणी आणले, केव्हा पेरले, किती उगवले, किती मेले, पाण्याची पाळी कोणाची, हे तीत मुलांच्या हातून लिहवून घ्यावे. बदली होऊन जाताना हजेरीपटाबरोबर व शिल्लक खडूंबरोबर ती वहीही नव्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या हाती द्यावी. पुढच्या तपासणीला मी येईन तेव्हा इतर दप्तर पाहण्यापूर्वी ही वही मागेन.

येत्या एप्रिलअखेर निकालपत्रके वाटताना मुलांना बियांचे काम सांगण्यास विसरू नका, एवढेच पुन्हा एकदा सांगतो.